नावातच मरण असलेली फणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फणी आहे, आणि माझ्या नावातच मरण आहे. जपानी भाषेत मला 'कुशी' म्हणतात. हा शब्द ऐकून तुम्हांला आईची ऊब आठवेल. आमच्याकडे मात्र 'कु' म्हणजे हाल आणि 'शी' म्हणजे मरण. म्हणून फणी सहसा कुणी भेट देत नाही. जमिनीवर पडली, तर आधी तिच्यावर पाय द्यायचा, मगच उचलायची. नाहीतर हाल आणि मरण आपण होऊन उचलल्यासारखं होतं.

किसोच्या डोंगरात मोकुबेई नावाच्या कारागिराने मला घडवलं. टणक लाकडातून एकेक दात कापला, घासला, मग मला तेलात मुरत ठेवलं. त्याची लेक किनुए लग्न होऊन समुद्रकाठी निघाली, तेव्हा त्याने मला तिच्या हाती दिलं. "फणी म्हणू नकोस हो, केसांचं लेणं म्हण," तो हळूच म्हणाला.

तिच्या सासूला, तोयोबाईंना, ही युक्ती पटली नाही. "तुझ्या बापाला दुसरं काही सुचलं नाही? लेकीच्या गाठोड्यात अपशकुन बांधून पाठवलाय!" त्या घरात मरणाचं नावही काढायची चोरी होती. शेजारणी मात्र किनुएचे चमकदार केस पाहून माझं कौतुक करत, आणि मला बरं वाटे.

मग ती वादळाची सकाळ उजाडली. किनुएचा नवरा तात्सुहेई बोट घेऊन समुद्रात गेला होता. सोबत शेजारचा तरुण सेइकिची होता. वाऱ्याने दारं खडखडत होती. बंदरावर धावण्यासाठी किनुए घाईघाईने केस बांधत होती. तिच्या हातून निसटून मी खाली पडले.

"हात लावू नकोस!" तोयोबाई ओरडल्या. "आधी पाय दे तिच्यावर!"

"आई, माझ्या बाबांच्या हातची आहे ती. पाय नाही देणार मी."

"माझं पोर पाण्यात आहे, आणि तुला बापाचं लाकूड मोठं?"

किनुएने वाकून मला सरळ हाताने उचललं. तोयोबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात दार सरकलं. सेइकिचीचा थोरला भाऊ गेन्झो नखशिखांत भिजून उभा होता.

"तोयोकाकू... बोट बुडाली. तो... नाहीसा झाला."

मित्रांनो, हरवणं आणि मरणं, दोन्हींसाठी आमच्या बोलीत हाच मऊ शब्द आहे.

"नाहीसा म्हणजे? शोधतायत का त्याला?" किनुएने विचारलं.

"लांब गेला, वहिनी." गेन्झो मान वर करीना. किनुएची मूठ माझ्यावर आवळली. माझा एक दात कडकन मोडला.

आणि जन्मभर जो शब्द तोयोबाईंनी घरात येऊ दिला नव्हता, तोच त्यांच्या तोंडून फुटला. "सरळ बोल रे मेल्या! मेला का माझा तात्सु? मेला?"

गेन्झोने नकारार्थी मान हलवली. "तात्सुहेई जिवंत आहे, काकू. खडकावर आपटून पाय मोडलाय, पण आहे. माझा सेइकिची... सेइकिची मेला. आईला कसं सांगू? घरी जायला पाय उचलत नाही."

किनुए हुंदके देऊन रडू लागली. त्या रडण्यात सुटका होती, आणि गेन्झोसमोर तिला त्याची लाज वाटत होती.

तोयोबाईंनी खडावा पायांत सरकवल्या. "चल. तुझ्या आईला मी सांगते. 'लांब गेला' म्हणालास, तर ती बिचारी दाराशी डोळे लावून बसेल. माझ्या नवऱ्याच्या वेळी गावाने मला तसंच सांगितलं होतं. किती वर्षं मी त्यांच्याही वाटणीचा भात शिजवत होते, ठाऊक आहे?"

त्या गेल्या, आणि दिवसभर त्या माउलीचा हात धरून बसल्या.

पुढे प्लॅस्टिकचे कंगवे आले. आता मी एका खणात पडून असते. माझ्यावर तेलाचा हात फिरवायला कुणाला सवड नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. ओळखीत कुणाचं माणूस गेलं, तर काय बोलावं या धास्तीने घरात बसू नका. उठा आणि त्यांच्याकडे जा. शब्द सापडला नाही, तर नुसते जवळ बसा.