ओल्या रंगातला हात

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. तुर्कस्तान जिथे संपतो आणि सीरिया सुरू होतो, तिथे रेल्वेच्या रुळांलगत मी उभा आहे. मित्रांनो, तुमच्या घराचे दार पाहुणा आला की उघडते. माझे तसे नाही. मला उघडायचे की नाही, हे दूर राजधानीत, अंकारात बसलेले साहेब ठरवतात. तिथे कुणी रुसले की इथे मला कुलूप लागते. त्यांच्यातल्या बहुतेकांनी मला कधी पाहिलेसुद्धा नाही, आणि याचा मला फार राग येतो.

मला दियारबकिर शहरातल्या एका लोहाराने घडवले. गजांमधून माणसाचा हात जाईल एवढी फट त्याने मुद्दाम ठेवली. रुळांच्या दोन्ही अंगांना एकच गोतावळा राहतो, हे त्याला ठाऊक होते. बयरामच्या, म्हणजे ईदेच्या सकाळी धाकट्यांनी थोरल्यांच्या हाताचा मुका घ्यायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि मग मिठाई मागायची, अशी इथली रीत आहे. मी बंद असलो तरी म्हातारी माणसे फटीतून हात पलीकडे घालत आणि पोरे धक्काबुक्की करत पुढे येत. मला तेवढ्यासाठी लोक दुवा देत.

मग एके वर्षी राजधानीचे धोरण बदलले. शेजारचे देश सगळे भाऊ झाले. मला सताड उघडले, बिजागऱ्यांना तेल घातले. एका बड्या साहेबांनी माझ्यापुढे उभे राहून भाषण केले की हा दरवाजा आता कधीच बंद होणार नाही. गावातल्या हातुनेने ते खरे मानले. तिने आपली मुलगी रोजदा पलीकडे, सख्ख्या बहिणीच्या घरात दिली. शेजारणी नको म्हणत होत्या.

"अगं, तंदुरात रोटी लावून जाईन नि करपायच्या आत परत येईन," असे म्हणून हातुने हसली होती.

पुढे पलीकडे लढाई पेटली आणि कालचा भाऊ दुश्मन ठरला. मला नुसते कुलूप घालून त्यांचे भागले नाही. मला वेल्डिंग करून जाम केले आणि गजांवर जाड पत्रा ठोकला. माझी फट गेली. रोजदाला मुलगी झाली, देलाल. हातुनेने नात पाहिली ती फोनवर. दर बयरामला ती मिठाईची पुडी माझ्यावरून पलीकडे फेकायची. भाषण करणारे साहेब तोवर दुसरीकडे भाषण करत होते.

यंदा धोरण पुन्हा फिरले. आता मैत्री होणार म्हणे. बयरामच्या आदल्या संध्याकाळी मला हिरवा रंग फासला, कारण सकाळी साहेब पाहणीला येणार होते. उजाडताच, त्यांच्या आधी, हातुने आली.

"मावशी, लांब व्हा, रंग ओला आहे," पहाऱ्यावरचा सार्जंट जेलाल म्हणाला.

"रंगाचं राहू दे. उघडतोस कधी ते सांग."

"उघडायचा हुकूम नाही. रंगवायचा आहे."

"म्हणजे मढ्याला मेंदी लावलीत तुम्ही."

हातुनेने पत्र्यावर तळवा टेकला आणि पलीकडे हाक दिली, "देलाल, माझा हात इथे आहे बघ."

ती पत्र्यावर थापटत राहिली. पोरगी आवाजाच्या मागाने आली. तिने नेमकी तीच जागा शोधली, तिथे ओठ टेकले आणि मग कपाळ लावले. मध्ये मी होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आजी, किती गार आहे गं तुझा हात," देलाल म्हणाली.

थोड्या वेळाने साहेब आले. ओल्या रंगात उमटलेली पाच बोटे पाहून ते संतापले आणि त्यांनी त्यावर पुन्हा ब्रश फिरवायला लावला.

मित्रांनो, जुन्या वस्तूच्या आत्मकथेत शेवटी 'आम्हाला जपा' असे सांगायची रीत आहे. पण मला गंज चढला तरी चालेल. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी असल्या साहेबांच्या खुर्चीवर बसलात, तर माझ्याकडे रंगारी पाठवू नका, हा वेल्डिंगचा जोड कापणारा माणूस पाठवा. आणि लवकर पाठवा. आजीचा हात असाच गार असतो, असे त्या पोरीला वाटते आहे.