गॅस्केटच गेलेलं असू दे

तेल मोजायच्या पट्टीच्या टोकाला तेल नव्हतंच... दुधाळ, पिवळट, साबणाच्या फेसासारखं काहीतरी चिकटलं होतं. तिनं पट्टी फडक्यानं पुसली, इंजिनात पुन्हा बुडवली, पुन्हा काढली — जणू दुसऱ्या खेपेला ती आपलं म्हणणं बदलणार होती.

"एक तर गॅस्केट गेलं, रेडिएटरचं पाणी तेलात उतरलं," बॉनेटखाली वाकलेला मेकॅनिक म्हणाला, "नाहीतर तेलाच्या तोंडातून कुणीतरी पाणी ओतलंय."

गॅस्केटच गेलेलं असू दे. इंजिन फाटू दे, गाडी भंगारात जाऊ दे — एवढं कळवळून तिनं कशाचं वाटोळं कधी मागितलं नव्हतं. कारण सकाळी बाबा पाण्याचा जग घेऊन गाडीपाशी उभे होते, आणि खिडकीतून ते पाहून तिला बरंच वाटलं होतं... जन्मभर लोकांच्या गाड्या चालवलेला माणूस, किल्ली लावण्याआधी रोज पुटपुटणारा — आधी तेल, मग पाणी, मग हवा. मागच्या महिन्यात बाबा गॅस उघडा ठेवून विसरले तेव्हा दादा फोनवर म्हणाला होता, "आता आणखी एकदा काही झालं ना, की मी येऊन त्यांना वृद्धांच्या संस्थेत ठेवणार. तुझं काही ऐकणार नाही." ऐकणार नव्हताच तो.

मेकॅनिकनं रेडिएटरचं झाकण फिरवलं. "काठोकाठ आहे. गॅस्केट गेलं असतं तर इथलं पाणी उतरलं असतं, ताई."

गॅरेजच्या बाकावरून बाबा उठून आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी तिच्या हातातली पट्टी घेतली, तो फेस बोटांत चोळला, हुंगला.

"गॅस्केटबिस्केट काही नाही. कुठल्या गाढवानं पाणी ओतलं यात?"

 मग त्यांचे डोळे तिच्यावर आले — स्वच्छ, धारदार, पूर्वीचे.

"तू?"

मेकॅनिक फडक्याला हात पुसत राहिला.

"मीच, बाबा."

"डोळे गहाण टाकले होतेस काय? एवढी शिकवली ती पालथ्या घड्यावर पाणी! — अहो, सगळं ऑइल काढा, फिल्टर बदला, नवं घालून पुन्हा एकदा काढा. तोवर स्टार्टर मारायचा नाही."

"नाही मारत, काका."

ती मान खाली घालून ऐकत राहिली. गाडी शिकताना खायची तशी बोलणी, एकही शब्द न चुकलेली... आणि छातीत काहीतरी वेड्यासारखं हसू लागलं — हे सगळं ज्याला येतं तो माणूस कसा...

पर्समध्ये फोन थरथरला, तिनं काढला. दादा. बाबांनी नाव वाचलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेलकट, जड.

"घाबरू नकोस," ते हळूच म्हणाले. "मी नाही सांगत त्याला."

फोन थरथरतच राहिला. तिनं सकाळ पुन्हा आठवून पाहिली — खिडकी, गाडी, जग... आणि जग धरलेला हात, कितीही निरखला तरी, आता तिला आपलाच दिसत होता.