पंखांवरची पूड

बस डेपोत पार्सलच्या खिडकीवर बसून मला सव्वीस वर्षं झाली. लग्नही त्या खिडकीवरच जमलं. एक दाढीवाला माणूस खोका घेऊन आला. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘जिवंत पतंग. उलटे ठेवू नयेत.’ मी विचारलं, “साहेब, पतंग जिवंत कसे? आणि दोरा कुठाय?” मागच्या रांगेतले हसले, हा माणूस हसला नाही. त्याने झाकण काढून दाखवलं. आत बोटाएवढ्या काचेच्या नळ्या होत्या, आणि एकेका नळीत तांदळाच्या दाण्याएवढा एकेक जीव बसला होता. “हेही पतंगच,” तो म्हणाला. “यांना उडवावं लागत नाही.” वर्षभरात आमचं लग्न झालं. नवऱ्याला मी चारचौघींसारखं ‘हे’च म्हणते.

घरात तिसऱ्या होत्या ताई, ह्यांच्या सख्ख्या मोठ्या बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “बघायला आलेल्यांपैकी एकाचेही हात स्वच्छ नव्हते.” भाऊ संग्रहालयासाठी डोंगरात पतंग गोळा करायचा आणि बहीण ते टाचणीला लावायची. मोठे पतंग कुणीही लावतं. ताईंचं काम बारक्यांचं होतं, पंख पूर्ण पसरले तरी करंगळीच्या नखावर मावतील अशांचं. भिंगाखाली केसाएवढी टाचणी छातीतून घालायची, मग ब्रशच्या एकाच केसाने चारही पंख जागेवर ओढायचे. संग्रहालयात त्यांना ‘चिमटाबाई’ म्हणत. रागाने नव्हे, वचकून.

हे काम त्या घरीच करत, उत्तरेकडच्या खोलीत. पंखा बंद, खिडकी बंद. बोलायचं असलं तर मी दारातूनच बोलायचे. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायची. एकदा मी आत जाऊन नुसता सुस्कारा टाकला, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, “गेला. तुझ्या सुस्काऱ्याने एक गेला. आता टेबलाखाली शोध.” अर्धा तास मी जमिनीवर रांगत होते.

नंतर ह्यांना ते मोठं काम मिळालं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खी डोंगररांग पालथी घालायची, दर दोनशे मीटरवर मुक्काम करायचा आणि तिथले बारीक पतंग मोजायचे. एकूण अकरा मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामावर पावसात एकदा, उन्हाळ्यात एकदा. त्या रांगेतले बारके पतंग तोवर कुणी नीट पाहिलेच नव्हते. तीन वर्षांची बोली होती. हे निघाले तेव्हा ताईंनी त्यांच्या पिशवीत मोज्यांचे सहा जोड घातले. मी काय घालावं ते मला सुचलं नाही.

पद्धत ठरलेली होती. रात्री पांढऱ्या चादरीवर दिवा लावून जे येईल ते हे एकेका नळीत धरायचे, पहाटे बर्फाच्या डब्यात भरायचे आणि खाली येणाऱ्या पहिल्या बसमध्ये द्यायचे. अकराच्या सुमारास डबा माझ्या खिडकीवर यायचा. वहीत नोंद करून जेवणाच्या सुट्टीत मी तो घरी पोचवायचे. उशीर चालत नसे. पतंग नळीत फडफडला की पंखांवरची पूड झडते आणि नक्षी जाते. नक्षी गेल्यावर तो कोण, हे कशावरून सांगणार?

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी ताईंना खोकला सुरू झाला. कोरडा, संध्याकाळी वाढणारा. अंगात कणकण. जेवण कमी झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी येताना त्या दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजारणीशी बोलू लागल्या. आयुष्यात कधी शेजारणीशी न बोललेली बाई! मला वाटलं, वय झालं की माणूस मऊ होतं. त्या दम घ्यायला थांबतात हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या वर्षीच्या पावसात दरड कोसळून घाटरस्ता बंद झाला. अकरा दिवस बस नाही, डबा नाही. सहाव्या-सातव्या दिवशी ताई पोटभर जेवल्या. दहाव्या दिवशी भाजी घेऊन न थांबता वर आल्या. बाराव्या दिवशी डबा आला आणि संध्याकाळी पुन्हा तोच खोकला, तोच ताप. दुसऱ्या दिवशी मी पार्सलची वही काढून डब्यांच्या तारखा पाहू लागले. ताईंच्या बऱ्या-वाईट दिवसांचं सगळं चित्र त्या वहीत होतं. मी ती तशीच उचलून त्यांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

“घरात कबुतरं आहेत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाहीत.”

“कापूस, भुसा, धान्याची पोती?”

“काही नाही. वहिनी आहे, पण ती फारशी धूळ उडवत नाही,” ताई म्हणाल्या. मला त्या वहिनी म्हणत, ती चेष्टाच होती, कारण मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको.

मग मी पतंगांचं सांगितलं, वही दाखवली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तपासण्या झाल्या. पंखांवरची ती पूड बारा महिने बंद खोलीत ताईंच्या श्वासातून आत जात होती, आणि शरीर तिच्याशी भांडत होतं. “फुप्फुसं आतून जून झालीत,” त्या म्हणाल्या. “झालं ते भरून येणार नाही. पण आज काम थांबवलंत तर दुखणं इथेच थांबेल. नाही थांबवलंत तर मी काही सांगू शकत नाही.”

दवाखान्याच्या पायऱ्यांवर ताई बसल्या. “त्याला सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“ताई, असं कसं?”

“किती मुक्काम राहिलेत?”

“दोन. वरचे.”

“सहा आठवडे. मी आज हात काढून घेतला तर तो सगळं सोडून खाली येईल. मग हा हंगाम गेला. तीन वर्षं मातीत. दुसरं कोण लावणार आहे हे? त्याची बोटं पाहिलीस ना, केळ्यासारखी.”

मी मास्क लावायची अट घातली. त्यांनी दोन दिवस लावला. भिंगावर वाफ धरते म्हणून तिसऱ्या दिवशी काढून ठेवला.

मी गप्प का राहिले, असं लोक विचारतात तेव्हा मी सांगते की ताईंचा शब्द मोडवला नाही. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तीन वर्षांत हे घरी सगळे मिळून चार महिने होते. काम अर्धवट राहिलं असतं तर पुढच्या वर्षी ते पुन्हा वर गेले असते. मला ते संपायला हवं होतं. सहा आठवड्यांनी काय होणार आहे, असं मी मनाला समजावलं.

म्हणजे सहा आठवडे रोज अकरा वाजता मी तो डबा हातात घेत होते, आणि रोज एक वाजता तो ताईंच्या टेबलावर नेऊन ठेवत होते.

तिसऱ्या आठवड्यात एकदा मला ते झेपलं नाही. आदल्या संध्याकाळी खोकता खोकता ताईंचे ओठ निळे पडले होते. मी डबा कपाटाच्या मागे सरकवला आणि घरी जाऊन सांगितलं, आज आला नाही. ताई दिवसभर पडून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा फोन आला. फोन ठेवून त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“काल डबा आला होता.”

मी गॅस बारीक केला. “हो.”

“कुठाय?”

“ऑफिसात.”

“एकतीस नळ्या होत्या म्हणतो. वरच्या मुक्कामाच्या. आण.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी डबा आणला. बर्फाचं पाणी झालं होतं. सगळे मेलेले, वाळून ताठलेले, नळ्यांच्या काचांना आतून राखाडी पूड चिकटलेली. ताजा पतंग दहा मिनिटांत लागतो. वाळलेला आधी ओलाव्यात ठेवून मऊ करावा लागतो, आणि मग हात लावला की अजूनच झडतो. एका दिवसाचं काम त्यांना चार दिवस पुरलं. त्यांना एका दिवसाची विश्रांती द्यायला गेले, आणि नेहमीच्या दुप्पट पूड माझ्याच हाताने त्यांच्या नाकाशी नेऊन ठेवली. चौथ्या संध्याकाळी त्या दारातून एवढंच म्हणाल्या, “सव्वीस वाचले. आता पुन्हा असलं शहाणपण करू नकोस, बाई.”

मी पुन्हा केलं नाही.

हे खाली आले ते एका मंगळवारी. दाढी छातीपर्यंत, अंगाला धुराचा आणि ओल्या चादरीचा वास. जिन्यातूनच ओरडले, “ताई, संपलं गं! माथ्यावर शेवटच्या दिवशी एक आलाय, सोनेरी, मी जन्मात असा पाहिला नाही!” ताई खाटेवर तीन उशांना टेकून बसल्या होत्या. त्या बोलायला गेल्या, पण शब्दाआधी दम संपला. ह्यांच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

डॉक्टरांचे कागद मीच पुढे केले. ह्यांनी ते उभ्यानेच वाचले.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“केव्हापासून?”

मी तारीख सांगितली. ते आत गेले, आंघोळ केली, कपडे बाहेर बादलीत टाकले आणि ताईंच्या पायांशी जाऊन बसले. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मीठ दे, किल्ली कुठे आहे, सिलिंडरवाला आला का.

ताई आणखी चौदा महिने जगल्या. आधी रात्रीपुरता, मग दिवसभर नाकाला ऑक्सिजन. भिंतीशी एक मशीन घरघरायचं. “तू घोरतेस असं मी शेजारणीला सांगितलंय,” त्या मला म्हणायच्या. संग्रहालयात त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. स्वतः लावलेले हजारो पतंग त्यांना बघता येत नव्हते. हे फोटो काढून आणत आणि त्या भिंगाने फोटो बघत. सहाशे बारा जातींची यादी झाली, त्यात कित्येकांना अजून नावंच नव्हती. तो सोनेरी पतंगही नवाच निघाला. त्याला ताईंचं नाव द्यायचं ह्यांच्या मनात होतं. ताईंनी हात हलवून नाही म्हटलं. मग दम गोळा करून म्हणाल्या, “ज्यांनी दम काढला, त्यांच्याच गळ्यात माझं नाव? सोनेरी ठेव. सोनेरी पुरे.”

एका दुपारी, मी ऑफिसात असताना, त्या गेल्या. हे जवळ होते. मला फोन शेजारणीने केला.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमचं भांडण झालं. निमित्त ओल्या टॉवेलचं. मी तो खुर्चीवर टाकला होता. हे एवढ्या मोठ्याने ओरडले की मी दचकले. टॉवेलवरून बोलणं ताईंच्या खाटेवर आलं, खाटेवरून डब्यांवर. “रोज! रोज आपल्या हाताने तू तिला विष नेऊन देत होतीस!”

“हो,” मी म्हटलं. “आणि पाठवत तुम्ही होतात.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं. हे खुर्चीत बसले, त्या टॉवेलवरच. मग म्हणाले, “मला फोनवर ऐकू यायचा खोकला. मी विचारायचो, ती म्हणायची सर्दी आहे. वर्षभर कुणाला सर्दी असते? मला कळत होतं. पण सर्दीच असलेली मला सोयीची होती.”

मग मीही सांगितलं. ते घरी यावेत म्हणून मी गप्प बसले होते. हे त्यांना सांगायची मला फार भीती वाटत होती. मग आम्ही दोघंही रडलो, आपापल्या जागी बसून.

एकमेकांना माफ केलं असं नाही म्हणता येणार. पण त्या दिवसापासून बोलू लागलो. हे पुन्हा डोंगरात गेले नाहीत. आता दुसरं कुणीतरी जातं, आणि त्यांचे डबे दुसऱ्याच डेपोत उतरतात. गेल्या रविवारी आम्ही ऑक्सिजनचं मशीन सरकारी दवाखान्यात देऊन आलो. हे पुढून धरून उतरत होते, मी मागून. दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, “थांबू जरा, जड आहे.” आम्ही मशीन पायरीवर टेकवलं. शेजारणीचं दार उघडंच होतं. तिने पाणी विचारलं, आणि आम्ही दोघांनी घेतलं.