बाथरूमच्या दाराचा हप्ता

आमचे हे लोकांची घरं दुरुस्त करून देतात आणि पैसे मागायची वेळ आली की नुसता घसा साफ करतात. म्हणून हिशेब मी बघते. कामाचे पाच टप्पे, टप्पा संपला की हप्ता. आधीच लिहून घेतलेलं बरं.

या खेपेला गिऱ्हाईक म्हणजे यांचा धाकटा आतेभाऊ. भिंती, ओटा, खिडक्या, फरशी असे चार हप्ते भाऊजींनी कण्हत-कुथत दिले. पाचवा होता बाथरूमचं दार लागल्यावर. तर या गृहस्थांनी दारच लावू दिलं नाही. "घाई काय आहे, वहिनी?" म्हणत तिथे पडदा टांगला. आत जो असेल त्याने मोठ्याने गायचं, असा घरात नियम झाला. दोन महिने सगळं घर बेसूर गात होतं, पण पैसे वाचत होते.

इकडे आमच्या सुताराची मजुरी त्याच हप्त्यात अडकलेली. शनिवारपर्यंत मिळाली नाही तर तो दुसरं काम धरणार होता, आणि तसा हात आम्हाला पुन्हा मिळाला नसता. मी यांच्यावर चिडले.

"बघतो," हे म्हणाले.

यांचं बघणं मी लग्नापासून बघतेय.

शुक्रवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. त्यांच्या सासूबाई राहायला येत होत्या. "वहिनी, दार आजच्या आज हवं. लागलं की पैसे."

संध्याकाळपर्यंत दार लागलं. हप्ता घ्यायला मीही तिथे गेले. सासूबाईही पोचल्या. भाऊजींनी दारावर टिचकी मारली. "झकास. पैशांचं बघू पुढच्या महिन्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मात्र चहात बिस्किट बुडवत बसले होते.

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला, "जावईबापू, याला आतून कडीच नाही हो."

यांनी खिशातून कडी काढून बशीशेजारी ठेवली. मग चार स्क्रू. घसा साफ केला.

"कडी लागली की दार पुरं झालं. हप्ता आला की कडी लागली."

भाऊजींनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी एक बिस्किट घेतलं. इतक्या वर्षांत नवरा मला इतका कधी आवडला नव्हता.

कुणीतरी बाहेरून घरचा नियम सांगितला, आणि आत सासूबाईंनी गायला सुरुवात केली. भाऊजींनी मुकाट्याने फोन काढला. पैसे आल्याचं मी दोनदा तपासलं.

"आले. उठा, लावा कडी."

"थांब जरा," हे म्हणाले. "त्यांचं गाणं संपू दे."