हसू ओसरल्यावर

मित्रांनो, माझ्या पोटावर एक लांब चरा आहे आणि बॅटरीच्या झाकणाला रबर बँड लावलाय, त्यावरून माझं वय काय ते ओळखा. मी एक जुना कॅमेरा. कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर असतो. इथे वेळ भरपूर आहे, म्हणून सांगतो.

मला कोणी घडवलं ते मला सांगता येणार नाही. पांढरे हातमोजे घातलेले पुष्कळ हात आठवतात, चेहरा एकही आठवत नाही. एकाने भिंग बसवलं, एकीने स्क्रू पिळले, एकाने माझ्याकडून कोऱ्या भिंतीचा फोटो काढून घेतला आणि मान हलवली. कारखान्यातलं माझं कौतुक तेवढंच.

पहिली नऊ वर्षं मी विमा कंपनीच्या एका साहेबांकडे होतो. अपघातात चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढायचे, हे आमचं काम. गाड्यांचं एक बरं असतं, त्या हसत नाहीत आणि 'थांबा हं, केस नीट करते' असंही म्हणत नाहीत. साहेब चारचौघांत मला दाखवून म्हणायचे, "हा कधी खोटं बोलला नाही." मला तेव्हा बरं वाटायचं. पुढे त्यांचं काम फोनमधल्या कॅमेऱ्यावर भागायला लागलं आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात बंद पडलेल्या घड्याळाशेजारी जाऊन बसलो. दीड वर्ष धूळ खाल्ली. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

तिथून मला नेलं ते दाताच्या दवाखान्यात फोन उचलायला बसणाऱ्या एका मुलीने. दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणायचे, आपणही ताईच म्हणू. ताईला फोटोंची हौस दांडगी, अनुभवाच्या नावाने मात्र शून्य. घरी भाचीचे फोटो काढले तर पोरीचे डोळे लालभडक आले. ताईला ते फार लागलं. तिने शोधून शोधून माझं एक बटण हुडकून काढलं, त्याच्यावर डोळ्याचं चित्र आहे. ते चालू केलं की माझा फ्लॅश आधी एकदा बारीक लुकलुकतो, समोरच्याच्या डोळ्यांना उजेडाची सवय करून देतो, जरा थांबतो आणि मग झगझगीत चमकतो. खरा फोटो निघतो तो दुसऱ्या वेळी. मुरलेला फोटोग्राफर लोकांना आधीच बजावतो, दुसरा उजेड होईपर्यंत हलू नका. ताईला हे कोण सांगणार? मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं.

तिचं पहिलं पैशाचं काम दवाखान्यातूनच आलं. दात काढायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "आमच्या आप्पांना ऐंशी पूर्ण होतायत. घरातलीच माणसं आहेत. तू येशील का फोटो काढायला?" आप्पा म्हणजे त्यांचे वडील. पन्नास वर्षं लोकांचे केस कापून आता घरी बसलेले, थोरल्या मुलाकडे राहणारे.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. दारातच त्या लेकीने ताईचा हात धरून तिला बाजूला घेतलं.

"तुला म्हणून सांगते. आप्पांना पुढच्या सोमवारी वृद्धाश्रमात न्यायचंय. दादाची बदली झालीय, माझ्याकडे जागा नाही. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. तू नुसते हसरे फोटो काढ, तिथल्या खोलीत लावायला होतील."

ताई म्हणाली, "बरं." दुसरं काय म्हणणार? दवाखान्यात ती दिवसभर 'बरं'च म्हणते.

त्या दिवशी मी तीनशे बारा फोटो काढले. दवाखान्यात माणसं तोंड उघडायला तयार नसतात, इथे मिटायला तयार नव्हती. "हसा!" म्हटलं की सगळी बत्तिशी दाखवत. मी लुकलुकलो की त्यांना वाटे, झाला फोटो. हसू खाली ठेवून जो तो मोकळा होई. तेवढ्यात माझा दुसरा उजेड पडे. ताई अधूनमधून माझ्या इवल्या पडद्यावर बघत होती, पण डोळे लाल नाहीत ना, एवढंच. डोळे कोणाचेच लाल नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. थोरल्या मुलाचा हात आप्पांच्या खांद्यावर होता आणि नजर फरशीवर. लेक आप्पांच्या पाठीकडे बघत होती. सून आप्पांच्या लाकडी कपाटाकडे बघत होती, ते कुठे ठेवायचं याचा हिशेब करत असावी. केक कापतानाच्या फोटोत टाळ्या वाजवणारे सगळे हात खाली आलेले. हसत होते ते एकटे आप्पा. त्यांची नजर अधू, माझी पहिली लुकलुक त्यांना दिसतच नव्हती. म्हणून ते शेवटपर्यंत हसत राहिले होते, प्रत्येक फोटोत.

ताई रडली वगैरे नाही. चहा गार होईपर्यंत बघत राहिली, मग वरची साय बाजूला केली आणि तोच चहा प्यायली. मलाही काही वाटलं नाही. चेपलेली दारं मी नऊ वर्षं बघितली होती.

गुरुवारी ती त्यातल्या त्यात बऱ्या चाळीस फोटोंच्या प्रती घेऊन निघाली. चूक कबूल करायची, जमलं तर पुन्हा काढून द्यायचे, असं ठरवून तिने मलाही गळ्यात घातलं. दार आप्पांनीच उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"लेक आलीय, दुकानात गेलीय, येईलच. फोटो आणलेस? बघू."

"आप्पा, ते नीट आले नाहीत. माझंच चुकलंय."

"बघू तरी. आपलीच माणसं आहेत."

ताईचा हात पाकिटावर होता. ती नाही म्हणू शकली असती. तिने पाकीट दिलं.

आप्पांनी चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ धरून एकेक बघितला. घाई नाही, उसासा नाही. चाळिसावा झाल्यावर गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या.

"गिऱ्हाइकाला मागून आरसा दाखवला ना," ते म्हणाले, "की ते छान छान म्हणतं. आरसा खाली घेतला की खरं काय ते तोंडावर येतं. कापणाऱ्याने तेव्हा बघायचं असतं." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "कधी न्यायचं ठरलंय मला?"

ताईचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता. खोटं बोलणं सोपं होतं, आणि लेकीलाही तेच हवं होतं.

"सोमवारी," ती म्हणाली.

"बरं," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात लेक आली. हातात पिशव्या होत्या, टेबलावर फोटो दिसले. "अगंबाई, आले वाटतं! आप्पा, कसे आलेत हो?"

"छान आलेत," आप्पा म्हणाले. "माझ्या कपड्यांत ठेव. सोमवारी विसरायला नकोत."

लेक पिशव्या हातात धरून तशीच उभी राहिली. मी गळ्यात होतो, चालू होतो. ताईने बटण दाबलं नाही.

त्यानंतर पाच वर्षं ताईने माझ्याकडून पुष्कळ कामं करून घेतली. "दुसरा उजेड होईपर्यंत हलू नका," हे ती झोपेतही म्हणेल इतकं तिच्या तोंडी बसलं. मग तिने नवा कॅमेरा घेतला आणि मी इथे वर आलो. भिंगाला बुरशी धरलीय. तक्रार नाही.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. आमच्यासारख्या जुन्या वस्तू कोरड्या जागी ठेवा, महिन्यातून एकदा फडकं फिरवा. आम्हाला दुकानातून घरात आणि घरातून फळीवर हलवताना कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी आम्ही काय बोलणार? पण घरातलं माणूस बोलतं. त्याला हलवायचं ठरवाल, तेव्हा आधी त्याच्याशी बोला. ते माणूस कदाचित 'बरं' म्हणेल. तरीही बोला.