न दिसणारा जोड

उतईच्या दवाखान्यातल्या नर्स गिरजाबाईंच्या पत्राला शामसुंदररावांनी उत्तर दिलंच नव्हतं. अकरा दिवस ते त्यांच्या वाचायच्या पुस्तकात पडून होतं, आणि पुस्तकही तिथंच अडलं होतं. ‘सलाईनच्या नळीतल्या तुमच्या गाळणीतून हवा शिरली. वेळेवर नळी बंद केली म्हणून निभावलं. गाळणीच्या डबीवर मालाचा नंबर ४७१२. हा माल तपासला होता का? सहीनिशी लेखी कळवा. त्याशिवाय आमचे डॉक्टरसाहेब उरलेल्या पेट्या वापरातून काढू देत नाहीत.’

लेझरनं कोरलेला तो इवलासा नंबर. तपासणीच्या कागदावर सही शामसुंदररावांची.

तीस वर्षं त्यांनी भिलाईच्या प्लांटमध्ये लोखंडाचे जोड तपासले. टॉर्च मारायची, रेघ सलग दिसली की पास. निवृत्तीनंतर रिसालीजवळच्या लहानशा वर्कशॉपमध्ये लागले. तिथं लेझर पारदर्शक प्लास्टिकचे दोन तुकडे आतल्या आत वितळवून जोडायचं, की गाळणीची डबी तयार. नियम होता, पेटीतल्या दहा डब्या पाण्यात बुडवून हवा भरायची, बुडबुडा आला तर जोड कच्चा. ४७१२च्या दिवशी हवेचा कॉम्प्रेसर बंद, दारात माल न्यायला गाडी उभी. त्यांनी सवयीनं टॉर्च मारली. काचेसारखं स्वच्छ. पास.

आज सकाळी त्याच मालातल्या, नमुना म्हणून ठेवलेल्या डब्या घरी आणून त्यांनी बादलीत बुडवल्या, नळीनं फुंकर घातली. पहिलीत काही नाही. दुसरीत नाही. तिसरीतून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

“अवो, काय करून राहिले? या वयात बुडबुडे काढता?” त्यांची बायको रत्नमालाबाई हसल्या.

“कोणाच्या तरी अंगात हवा जाऊन राहिली असन, रत्ना.”

त्यांचं हसू मावळलं. “मंग बसले कावून? फोन लावा न!”

गिरजाबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. “आजच्यापुरत्या पेट्या कपाटात कोंडतो मी. पण उद्या साहेब मागन. कागद धाडा, काकाजी. मागच्यावानी नका करू.”

नोकरी जाईल. पोलीस येतील. लोक म्हणतील, याच्या जुन्या सह्याही अशाच असतील. असतीलही, कोण जाणे. दोन कागद फाडून तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं: ‘माल तपासला नव्हता, नुसता पाहिला होता. ४७१२ची एकही डबी वापरू नका. चूक माझी.’ खाली सही केली. ती ओळखू येईना, म्हणून पुन्हा केली.

पोस्टात स्पीड पोस्टच्या काउंटरवरच्या मुलीनं पाकीट ओढलं, पण त्यांची बोटं सुटेनात.

“छोड़िए न, दादाजी,” ती म्हणाली.

त्यांनी सोडलं.