जाळी नसलेली लान्सर

मी एक जुनी जपानी गाडी आहे. रंग पांढरा आणि उंची इतकी कमी की कोंबडीसुद्धा माझ्याखालून मान वाकवून जाते. मित्रांनो, गाडीला बोलता येत नाही हे मला माहीत आहे. पण जे सांगायचं आहे ते माझ्या घरात दुसरं कुणी बोलत नाही, म्हणून मी सांगते.

माझं नाव लान्सर. माझा आराखडा जपानात आखला गेला आणि जुळणी चेन्नईजवळ झाली. माझे पहिले मालक पुण्यातले एक वकील होते. त्यांनी मला नऊ वर्षं वापरलं, पण साठच्या वर कधी पळवलं नाही. मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि मी इमारतीच्या मागे कापडाखाली उभी राहिले. माझ्या टायरांत हवा राहिली नाही. कुणी आलं की आधी कापडावरचा कचरा खाली पडायचा.

एक दिवस विंझरचा सोमनाथ मला बघायला आला. तो वरवे बुद्रुकच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करायचा. बरोबर त्याचा मित्र झुल्फिकार होता. झुल्फिकारचं नसरापूरला गॅरेज आहे. तो बॅटरी घेऊन माझ्याखाली झोपला, बराच वेळ तिथेच राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "घे सोमा. हाड चांगलं हाय."

तेव्हापासून माझा दुसरा जन्म सुरू झाला.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल, पण माझ्यासारख्या जुन्या जपानी गाड्यांना जीव लावणारी माणसं गावोगावी आहेत. रविवारी सकाळी ती महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या मैदानात जमतात. पुण्याच्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या गाड्या ओळीत उभ्या राहतात आणि प्रत्येकीचं बॉनेट उघडं असतं. कुणी कुणाचा पगार विचारत नाही. "काय काय केलंय?" एवढंच विचारतात. कंपनीतून आली तशीच राहिलेली गाडी तिथे बिचारी समजली जाते.

सोमनाथ आणि झुल्फिकारने माझ्यावर पुष्कळ काही केलं. आखूड स्प्रिंगा बसवल्या, मोठा सायलेन्सर बसवला. दारावर जपानी अक्षरांचं स्टिकर लावलं. सोमनाथच्या बायकोने, प्रेरणाने विचारलं, "काय लिव्हलंय ह्यात?" दोघांनाही सांगता आलं नाही. ती म्हणाली, "बघा हं, नाहीतर कुणाच्या तरी खानावळीचा भावफलक लावून फिरताय."

बसवण्यापेक्षा त्यांनी काढलं जास्त. वजन कमी झालं की गाडी पळते, असा त्यांचा हिशोब. मागची सीट काढली. जादा चाक काढलं. आपल्याकडे थंडी असते कुठं, म्हणून हीटर काढला. शेवटी सोमनाथने माझ्या तोंडावरची जाळी काढली. त्या जाळीमागे पाणी थंड करणारा रेडिएटर असतो, आणि माझा पंखा त्याच्या पुढच्या अंगाला चिकटून असतो. जाळीचं काम एकच, बाहेरचं बाहेर ठेवणं.

"ती राहू दे," झुल्फिकार म्हणाला.

"रेसच्या गाड्यांना कुठं असती?"

"त्या गाड्यांम्होरं कडब्याचा ट्रॅक्टर न्हाई चालत, सोमा."

सोमनाथ हसला. जाळी गॅरेजच्या माळ्यावर गेली. मी दिसायला रागीट झाले आणि मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू?

प्रेरणा घरी शिवणकाम करायची. ती माझी चेष्टा करायची, पण तिने मला चालवायलाही शिकून घेतलं. मी इतकी खाली होते की मोठा गतिरोधक आला की ती उतरायची, चालत पलीकडे जायची आणि पुन्हा बसायची, म्हणजे माझं पोट घासायचं नाही. मार्गासनीतल्या बायका तिला विचारायच्या, "गाडी हाय का पालखी?" ती म्हणायची, "सवत हाय. जपावं लागतंय."

आता त्या दिवसाचं सांगते.

दसरा होता. सोमनाथने मला पहाटेच धुतलं. अकरा वाजता झुल्फिकारच्या गॅरेजवर सगळ्या गाड्या पूजेला जमणार होत्या. प्रेरणाने माझ्यासाठी झेंडूचा हार केला. बाजारच्या हाराचा दोरा तुटतो म्हणून तिने शिवणाचा नायलॉनचा दोरा दुहेरी घेतला. हार मनगटाएवढा जाड झाला. जिथे जाळी असायची त्या मोकळ्या तोंडावर तिने तो आडवा बांधला. मला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग दाराच्या तोरणाला भाताच्या लोंब्या आणायला विळा घेऊन ती खाचरात गेली.

ती परत आली तेव्हा चालत नव्हती, एका पायावर लंगडत होती.

"अहो, गाडी काढा. चावलं."

"काय चावलं?"

"घोणस. म्या बघितली. लोंब्या राहू द्या, आधी गाडी काढा."

रुग्णवाहिकेला यायला अर्धा तास लागेल असं फोनवर कळलं. वेल्ह्याचा दवाखाना जवळ होता, पण घोणस म्हटल्यावर पुढे पुण्याला न्यावंच लागणार, म्हणून सोमनाथने महामार्गाकडचा, नसरापूरचा दवाखाना धरला. "अर्ध्या तासात आपण तिथं असू," तो म्हणाला. ते खरं होतं. नसरापूर मी बावीस मिनिटांत गाठायचे.

मागे सीट नव्हती, म्हणून तिला झोपवता आलं नाही. ती पुढेच बसली, पाय लांब करून. विळा अजून हातातच होता. सोमनाथने तो काढून तिच्या पायाशी ठेवला. पोटरी सुजायला लागली होती.

मी निघाले. पहिली सात-आठ मिनिटं मी आयुष्यात धावले नव्हते तशी धावले. मग पहिला गतिरोधक आला. प्रेरणाचा हात सवयीने दाराकडे गेला.

"बस गप," सोमनाथ म्हणाला.

माझं पोट घासलं आणि आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. तिने डोळे मिटले. दुसऱ्या गतिरोधकालाही तेच झालं. मार्गासनीपाशी सणाची गर्दी होती, ट्रॅक्टर सजवून लोक रस्त्याने नेत होते. मला त्यांच्यामागे सावकाश जावं लागलं. गाडी सावकाश चालते तेव्हा वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. माझा पंखा फिरायला लागला आणि त्याने समोरचं सगळं आत ओढलं. हार ओढला. झेंडू रेडिएटरला चिकटून बसले आणि नायलॉनचा दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळत गेला. पंखा दोनदा अडखळला आणि थांबला.

मला ताप चढू लागला. काटा वर सरकला. सोमनाथचं लक्ष ट्रॅक्टरवर होतं.

"अहो, त्यो काटा बघा," प्रेरणा म्हणाली. तिची जीभ जड झाली होती.

त्याने एका हाताने झुल्फिकारला फोन लावला. "गाडी तापली, झुल्फी. प्रेरणाला घोणस चावलीय. काय करू?"

"हीटर फुल्ल लाव, काचा उघड. इंजिनची गरमी आत यिऊ दे."

"हीटर काढलाय."

"कुणी?"

"आपण दोघांनी."

फोनवर किल्ल्या उचलल्याचा आवाज आला. मग झुल्फिकार म्हणाला, "व्हॅन घिऊन निघालो. तू येत रहा."

आंबवण्याच्या अलीकडे माझ्यातून वाफ निघाली. जोर संपला. मी कडेला येऊन थांबले. सोमनाथने बॉनेट उघडलं, हात भाजला, तरी हार दिसला. तो धावत तिच्या बाजूला आला. "विळा दे." तिने पायाशी चाचपून विळा दिला. त्याने दोरा कापला, फुलं उपसून रस्त्यावर टाकली. पंखा मोकळा झाला. पण पाणी उकळत होतं आणि अशा वेळी झाकण उघडता येत नाही. थांबावंच लागतं.

तेवढ्यात मागून दुधाचा टेम्पो आला. विंझरचेच आनंदराव होते. त्यांनी टेम्पो थांबवला, उतरून प्रेरणाकडे पाहिलं आणि लगेच मागचं फळकं खाली पाडलं.

"उचल तिला. कॅन बाजूला करतो."

मित्रांनो, मला पुन्हा पुन्हा आठवतं ते हेच. सोमनाथने टेम्पोकडे पाहिलं. तो टेम्पो चाळीसच्या वर जात नव्हता, सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं त्याने मला स्वतःच्या हाताने घडवलं होतं.

"तात्या, तुमचा टेम्पो पोचंस्तवर मी दोनदा जाऊन येईन. पाच मिनटात निघती ही."

"आरं, चालती गाडी बरी का उभी?"

"पाच मिनटं, तात्या. पाच मिनटं फकस्त."

प्रेरणा काहीतरी म्हणाली. मला वाटतं ती म्हणाली, "टेम्पोत चला." पण तिचे शब्द एकमेकांत मिसळत होते आणि सोमनाथ तोवर पाण्याची बाटली शोधत होता. आनंदरावांनी फळकं वर लावलं, मग ते म्हणाले, "मी म्होरं जाऊन डॉक्टरला सांगून ठिवतो." आणि गेले.

पाच मिनिटांनी सोमनाथने किल्ली फिरवली. मी कुरकुरले. त्याने पुन्हा फिरवली. मी माझं सगळं बळ लावलं. ऐकणाऱ्याला तो नुसता आवाज वाटतो, पण ते बळच असतं. आठ मिनिटं झाली. प्रेरणाच्या पापण्या खाली येत होत्या आणि ती बोटाने एक पापणी वर धरून रस्त्याकडे बघत होती. सोमनाथ तिच्याशी बोलत होता, माझ्याशी बोलत होता, कुणाशी काय बोलतोय ते त्यालाही कळत नव्हतं.

चौदाव्या मिनिटाला समोरून झुल्फिकारची व्हॅन आली. "वहिनी, डोळं उघडं ठेवा," म्हणत त्याने तिला उचललं. दोघांनी तिला व्हॅनमध्ये घातलं आणि व्हॅन जागीच वळली.

मी तिथेच राहिले. माझं बॉनेट उघडं होतं, डाव्या बाजूचं दार उघडं होतं. मला पुढचं काहीच दिसलं नाही. येणारे-जाणारे थांबायचे, आत डोकवायचे. मला त्यांना विचारायचं होतं, पोचली का? दोन दिवस मी विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी झुल्फिकारचा माणूस मला दोर लावून न्यायला आला, तेव्हा तो फोनवर कुणाला तरी सांगत होता की लस दिलीय, पुण्याला हलवलंय, मूत्रपिंडं काम करत नाहीत.

अकराव्या दिवशी प्रेरणा गेली.

सोमनाथने डॉक्टरांना विचारलं होतं, चौदा मिनिटं आधी पोचलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी होय म्हटलं असतं तर तो रडला असता. नाही म्हटलं असतं तर कधीतरी झोपला असता. सांगता येत नाही, हे घेऊन काय करायचं ते त्याला अजून कळलेलं नाही.

दिवसकार्यानंतर आनंदराव अंगणात आले. म्हणाले, "म्या तुझं ऐकायला नगं हुतं. सरळ उचलून न्यायची." झुल्फिकार म्हणाला, "हीटर म्या काढला." प्रत्येकाने आपापला दोष सांगितला. माझा दोष कुणी विचारला नाही. तो माझ्याजवळच आहे.

दोन वर्षं मी अंगणात ताडपत्रीखाली होते. सोमनाथ कामावर जाताना माझ्या पलीकडच्या बाजूने जायचा. मला वाटलं, तो मला भंगारात देईल. मी त्याला नावं ठेवली नसती. पण एका रविवारी झुल्फिकार आला. हातात माझी जाळी होती, माळ्यावरची, धुऊन पुसलेली. दोघं माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी ती बसवली. मग काही महिन्यांत एकेक करून हीटर आला, मागची सीट आली, जादा चाक आलं, मूळच्या उंच स्प्रिंगा आल्या.

आता रविवारी आम्ही पुन्हा मैदानात जातो. नवी पोरं मला बघून म्हणतात, "काका, ही तर कंपनीतनं आल्यासारखीच हाय. काय केलंच न्हाई?" सोमनाथ म्हणतो, "केलेलं सगळं माघारी घेतलं." त्यांना कळत नाही. दसऱ्याला तो गाड्यांच्या तोंडावरचे हार सोडून बाजूच्या आरशांना बांधतो. कुणी म्हणतं, "देवाचा हार हाय, काका." तो म्हणतो, "देवाला चालतंय."

गेल्या महिन्यात भोरची शेफाली आली. नुकतीच नोकरीला लागलेली, जुनी जपानी सेडान घेतलेली. तिने स्क्रू सैल करून जाळी अर्धी काढलीच होती.

"काका, काढू ना? लई भारी दिसंल."

सोमनाथने गाडीकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता तो सगळं सांगेल. त्याने फक्त विचारलं, "हिच्यात तुझ्यासंगं कोण बसतं?"

"आई. तिला दर महिन्याला पुण्याला न्यायची असती."

त्याने तिच्या हातातला पाना घेतला, खाली बसला आणि चारही स्क्रू पुन्हा घट्ट केले. शेफाली थोडी रागावली. मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिने बॉनेट खाली केलं.

मित्रांनो, उद्या तुमच्याकडेही सायकल असेल, मोटारसायकल असेल, गाडी असेल. तिला रंगवा, सजवा, तिच्यावर जीव लावा. पण तिच्यातलं काही काढायला पाना उचलाल तेव्हा हिच्यावर कोण बसतं, हे आधी आठवा. आणि कधी ती वाटेत बंद पडली, तर तिच्या भरवशावर थांबू नका. पहिला जो टेम्पो येईल त्यात चढा, कितीही हळू जाणारा असला तरी. आम्हाला वाईट वाटत नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला कितीही दिवस उभ्या राहू शकतो. माणसाला ते जमत नाही.